दाणीकाका पिस्तूल तपासतात

दाणीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कढीनं काठोकाठ भरलेलं कागदी ताट एका तळहातावर धरून हॉलच्या मधोमध उभे होते. मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये नवा होतो. मंडळाचा गणपती होता, स्टेजवर प्रमुख पाहुणे बोलत होते, आणि हे उंच, काटकुळे, साठी उलटलेले गृहस्थ त्या ताटाकडे एकटक बघत होते. मला वाटलं, काकांना चक्कर-बिक्कर येत असावी. जवळ जाऊन विचारलं, "काका, खुर्ची आणू का?"

"थांब राजा," ते म्हणाले. "टेस्ट चालू आहे."

मंडळानं त्या वर्षी नवीन ताटं आणली होती. ती कुणी तपासली, असं काकांनी कमिटीला विचारलं होतं. ताटं काय तपासायची, असं कमिटी म्हणाली होती. म्हणून काका उभे होते. भाषण लांबलं, ताट टिकलं. शेवटी पाहुणे स्टेजवरून उतरले, एवढ्या भक्तिभावानं उभा राहिलेला श्रोता बघून थेट काकांकडे आले, हात पुढे केला, आणि त्याच क्षणी ताटाचा तळ सुटला. कढी पाहुण्यांच्या बुटांवर गेली.

"फेल," काका म्हणाले. मग जरा वेळानं आठवण झाल्यासारखं, "सॉरी."

त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन ताटं एकावर एक ठेवून जेवण वाढलं गेलं, आणि कमिटीतल्या एकाही माणसाला काकांचे आभार मानावेसे वाटले नाहीत.

पुढे मी त्यांच्याच बंद गल्लीत, त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं आणि मग ते मला रोज दिसू लागले. काका मूळचे नागपूरचे. ह्यूस्टनच्या आसपासच्या रिफायनऱ्यांमध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "कुकरची शिटी," ते म्हणाले. "फक्त कुकर तुझ्या घराएवढा असतो. शिटी वेळेवर उडाली नाही, तर कुकर उडतो." वेळेवर न उडणाऱ्या शिट्या शोधून काढणं हे त्यांचं काम होतं. रिटायर झाल्यावर रिफायनरी सुटली, पण शोध काही सुटला नाही. नवी छत्री आणली की ते ती उघडून लॉनच्या फवाऱ्याखाली उभे राहत. नवी शिडी आणली की आधी तिच्यावर तांदळाच्या गोण्या चढत, मग काका. धुराचा अलार्म दर महिन्याला तपासला जाई, आणि त्यासाठी सुनंदाकाकूंना सुक्या मिरच्यांची फोडणी मुद्दाम जाळावी लागे.

"लग्न झालं तेव्हा मला वाटलं, ह्यांना माझ्या हातची फोडणी आवडते," काकू मला एकदा म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि चेहरा कधी हलत नसे. त्या विनोद करताहेत की तक्रार, हे समजायला मला वर्ष लागलं.

असा हा माणूस झुरळसुद्धा मारत नसे. वाटीखाली धरून, कागदावर घेऊन, मागच्या कुंपणापलीकडे सोडून येत असे. त्यांच्या घरात टीव्हीवर मारामारी सुरू झाली की चॅनल बदलला जाई. त्यामुळे त्यांची एकुलती एक मुलगी केतकी जेव्हा शेरीफच्या खात्यात डेप्युटी झाली, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार झाली, तेव्हा त्या घरात काय झालं असेल, याची कल्पना करता येईल. काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. काकांनी फक्त तिच्याशी बोलणं थांबवलं.

केतकी इथेच जन्मलेली. बायॉलॉजी शिकली होती. ती फिजिओथेरपिस्ट होईल, असं काकांनी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. तिनं परस्पर पोलीस अकादमीत नाव घातलं. ट्रेनिंग संपल्याचा समारंभ झाला त्याला काकू एकट्या गेल्या. काकांना त्या दिवशी व्हॉल्व्हचं काम निघालं होतं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण काम निघालं होतं.

केतकी जवळच अपार्टमेंटमध्ये राहायची आणि दर रविवारी जेवायला यायची. काकांची एकच अट होती, पिस्तूल घरात आणायचं नाही. ती ते गाडीतल्या कुलपाच्या पेटीत ठेवून यायची. मग तिघं टेबलाशी बसायचे आणि सगळा व्यवहार काकूंमार्फत चालायचा.

"तिला विचार, भात हवा का."

"आई, टेल हिम आय हॅव इनफ."

"तिला पुरे आहे," असं काकू दोघांकडेही न बघता म्हणायच्या आणि भात वाढायच्या.

बाहेर कुणी विचारलं, केतकी काय करते, तर काका म्हणायचे, "काउंटीत असते." कुठल्या खात्यात, असं कुणी विचारलं तर, "गव्हर्नमेंट." यातून मंडळात असा समज झाला की ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, घरपट्टीच्या ऑफिसात आहे. मग लोक घरपट्टी कमी करून घ्यायला काकांकडे येऊ लागले. एक डॉक्टर जोडपं तर पेढे घेऊन आलं. काकांनी त्यांना बसवलं, नियम वाचून काढले, त्यांच्यासाठी अर्ज केला, आणि घरपट्टी खरोखर कमी झाली. त्यानंतर गर्दी वाढली. खरं सांगण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटत होतं.

अशात एका जूनमध्ये, गाडी तापून आत बसवत नाही अशा दुपारी, काकांनी कुंपणावरून मला विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस काय? एक खरेदी आहे. दुसरा माणूस सोबत असलेला बरा."

मला वाटलं, गादी घ्यायची असेल. गादीला दुसरा माणूस लागतो.

शनिवारी त्यांनी मला हायवेलगतच्या एका अवाढव्य दुकानात नेलं. पुढे मासे पकडायचे गळ, मग बूट, मग तंबू, आणि अगदी मागे भिंतीवर हरणांची मुंडकी आणि त्यांच्याखाली काचेचा लांब काउंटर. काका सरळ त्या काउंटरशी गेले आणि म्हणाले, "मला एक पिस्तूल पाहायचं आहे. नवीन. फार महाग नको."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

काउंटरमागे छातीपर्यंत दाढी असलेला एक माणूस होता, ट्रॅव्हिस. त्यानं दाढीतल्या दाढीत हसून दोन-तीन पिस्तुलं मखमलीच्या तुकड्यावर मांडली. काकांनी हात मागे बांधले आणि वाकून बघितलं.

"हे कारखान्यातून निघण्याआधी कोण तपासतं?"

"कुणीतरी तपासत असेलच, सर."

"कुणीतरी म्हणजे कोण? प्रत्येक तपासतात, की शंभरातलं एक?"

ट्रॅव्हिसनं दाढी खाजवली. "सर, इतकी वर्षं मी इथे उभा आहे. लोक मला विचारतात, हे काळ्या रंगात आहे का."

"रंगाचं काही नाही," काका म्हणाले. "स्प्रिंग दाखवा."

मग पाऊण तास स्प्रिंग दाखवणं चाललं. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचावा लागतो, तेव्हा गोळी आत सरकते, एवढं मला त्या पाऊण तासात समजलं. महागाच्या पिस्तुलाचा तो भाग काकांच्या सांधे दुखणाऱ्या बोटांना खेचवेना. दुसऱ्याचा खेचला, पण त्याचा आवाज त्यांना आवडला नाही. तिसरं नवीनच बाजारात आलेलं होतं, सगळ्यांत स्वस्त. ते त्यांनी खेचलं, सोडलं, कान जवळ नेऊन पुन्हा खेचलं, सोडलं. त्यांचा चेहरा खुलला. कित्येक वर्षांनी जुन्या ऑफिसातलं कुणी भेटावं तसा.

"अरे, हा तर आपला सेफ्टी व्हॉल्व्हच आहे," ते मला मराठीत म्हणाले. "प्रेशर, स्प्रिंग, आणि वेळेवर मोकळं होणं. दुसरं काही नाही यात."

ट्रॅव्हिसनं सभ्यपणे पिस्तूल माझ्यापुढे धरलं, तुम्हीही बघा म्हणून. मी दोन्ही हात खिशात घातले. मी व्हिसावर होतो आणि व्हिसावरच्या माणसानं बंदुकीला हात लावला तर कायद्यानं पंचाईत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं ग्रीन कार्ड ज्या रांगेत उभं होतं तिथून मला हलायचं नव्हतं.

"तो फक्त ड्रायव्हर आहे," काकांनी खुलासा केला. काका स्वतः नागरिक होऊन जुने झाले होते, त्यांना अडचण नव्हती. ट्रॅव्हिसनं त्यांची माहिती कंप्यूटरवर घातली, पलीकडून होकार आला, आणि तो म्हणाला, "ऑल सेट, मिस्टर डॅनी."

दाणीचं डॅनी अमेरिकेनं केव्हाच केलं होतं आणि काकांनीही ते दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

परतताना मी विचारलं, "काका, कशासाठी पण? चोरीबिरीची भीती वाटते का?" आमच्या गल्लीत दारातली पार्सलं चोरीला जायला लागली होती.

"पार्सलासाठी कुणी पिस्तूल घेतं काय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी काकू ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. हा माणूस आता काय सबब सांगतो, हे बघायला मी दारातच थांबलो. त्यांनी कुठलीच सांगितली नाही.

"पिस्तूल घेतलं," काका म्हणाले.

"कशाला?"

"टेस्ट करायला."

"बरं," काकू म्हणाल्या. "देवघराच्या खोलीत नको. आणि बूट बाहेर काढा."

पिस्तुलापेक्षा जड अशी एक पोलादी पेटी काकांनी सोबत आणली होती. ती त्यांनी कपाटात भिंतीला बोल्टनं ठोकली आणि मग ती निघते का, हे बघायला दोन्ही पाय भिंतीला लावून ओढली. पेटी निघाली नाही. पाठ धरली.

पाठ सुटल्यावर आम्ही शूटिंग रेंजवर गेलो. गोदामांच्या रांगेतली ती एक बिनखिडक्यांची इमारत होती. आत एक काचेची भिंत, तिच्या अलीकडे बाकं आणि सोड्याचं मशीन, पलीकडे ओळीनं उभे राहायचे कप्पे. मला काचेच्या अलीकडे बसायला सांगण्यात आलं आणि त्यातच मला आनंद होता. भिंतीतल्या एका स्पीकरमधून आतलं बोलणं ऐकू येत असे.

तिथे सुरक्षेची जबाबदारी अर्ल नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. लाल टोपी, हळू चाल, त्याहून हळू बोलणं. काका तयारीनं आले होते. रिफायनरीतले लोखंडी टोकाचे बूट, रिफायनरीतलंच कानावरचं आवरण, गॉगल, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"हेल्मेट लागत नाही, सर," अर्ल म्हणाला.

"तुमच्या छपराची तपासणी कधी झाली?" काकांनी विचारलं.

अर्लनं वर बघितलं, थोडा विचार केला, आणि हेल्मेट राहू दिलं.

काकांनी चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या, कारण एकाच प्रकारच्या गोळीवर केलेली टेस्ट ही टेस्ट नव्हे. पहिली गोळी उडाली. कागदी लक्ष्य आठ-दहा पावलांवर होतं, पण त्याला ओरखडासुद्धा आला नाही.

"गोळी गेली कुठे?" काकांनी विचारलं.

"टेक्सस मोठं आहे, सर," अर्ल म्हणाला.

पुढच्या काही गोळ्या कागदाच्या कडेला लागल्या. मग पिस्तूल अडकलं. उडालेल्या गोळीचं रिकामं पितळी कवच बाहेर पडायच्या ऐवजी तिथेच चिमटीत सापडल्यासारखं उभं राहिलं. शेजारच्या कप्प्यातला एक तरुण हळहळला. काकांनी मात्र वळून काचेतून मला अंगठा दाखवला. आपलं नवं कोरं पिस्तूल अडकलं म्हणून एवढा आनंद झालेला माणूस त्या इमारतीनं पाहिला नसेल.

"फेल," ते अर्लला म्हणाले. "स्प्रिंग कमजोर आहे. मला वाटलंच होतं, एवढं स्वस्त कसं."

अर्लनं पिस्तूल घेतलं, मोकळं केलं, उरलेल्या सगळ्या गोळ्या एकामागून एक उडवल्या. एकही अडकली नाही. सगळी भोकं कागदाच्या मध्यावर एकमेकांना चिकटून पडली.

"पिस्तूल ठीक आहे, सर," तो म्हणाला. "तुमचं मनगट ढिलं पडतंय. मनगट ढिलं पडलं की याला मागे रेटायला आधार मिळत नाही."

काकांनी पिस्तूल परत घेतलं आणि आपल्या मनगटाकडे बघितलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत दोष यंत्रात निघाला होता. तो ते यंत्र धरणाऱ्या हातात निघू शकतो, ही शक्यता त्यांनी कागदोपत्री मान्य केलेली असेल, पण ती स्वतःवर आली नव्हती. गाडीत पट्टा लावता लावता म्हणाले, "एका माणसाच्या मतावर रिपोर्ट देता येत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा यावं लागेल."

म्हणून आम्ही पुढच्या शनिवारी गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. त्यांनी पकड बदलली, गोळ्या बदलल्या, उभं राहण्याची पद्धत बदलली. पिस्तूल अर्लच्या हातात कधी अडकलं नाही आणि काकांच्या हातात अधूनमधून अडकतच राहिलं. मी बाकावर बसून ऑफिसचे मेल करत असे आणि काकूंनी दिलेल्या डब्यातली भाकरवडी खात असे.

एका शनिवारी एक गरम कवच उडून काकांच्या शर्टाच्या कॉलरीत गेलं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे फिरले, तोंड उघडलं, पण हात हलले नाहीत. त्यांनी पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवलं, तोंड लक्ष्याकडे आहे ना ते बघितलं, दोन पावलं मागे सरले, आणि मगच नाचायला सुरुवात केली. ते नाचले मात्र मनसोक्त. शर्ट बाहेर निघाला, हेल्मेट घरंगळलं. ते संपल्यावर अर्लनं खाली वाकून हेल्मेट उचलून त्यांच्या हातात दिलं.

"बहुतेक माणसं आधी नाचतात," तो म्हणाला. "हातात भरलेलं पिस्तूल घेऊन. आधी ठेवणारी मी फार थोडी पाहिलीत." मग त्यानं दारावरच्या नोंदीकडे नजर टाकली. "मिस्टर डॅनी. डेप्युटी डॅनी तुमच्या कुणी लागतात का?"

काका शर्ट खोचत होते. त्यांचा हात थांबला. "मुलगी आहे," ते म्हणाले. ते हे कुणाला तरी सरळ सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

अर्लनं टोपी काढली. तो ती कधी काढत असेल असं मला वाटलं नव्हतं. काकांना घेऊन तो काचेच्या अलीकडे, माझ्या बाकाजवळ आला.

"माझा मोठा भाऊ," तो म्हणाला, "आता माणसं ओळखत नाही. मागच्या वसंतात तो शिकारीची बंदूक घेऊन पोर्चवर जाऊन बसला. कुणी जवळ आलं की बंदूक उचलायचा. वहिनीनं फोन केला, आणि जी डेप्युटी आधी पोचली ती तुमची मुलगी. मला वाटलं, संपलं आता. तिनं पिस्तूल काढलंच नाही. गाडीच्या आडोशानं उभी राहिली आणि त्याला विचारलं, अंगणातली ती टोमॅटोची रोपं कुणी लावली. टोमॅटोवर दोघं बोलत बसले. कसली माती, पाणी केव्हा, खारी कशा हाकलायच्या. सगळी दुपार गेली. शेवटी तो तिला टोमॅटो तोडून द्यायला म्हणून उठला आणि बंदूक खुर्चीवरच विसरला."

काकांनी एवढंच विचारलं, "ती किती अंतरावर उभी होती?"

अर्लनं इकडेतिकडे बघितलं. "इथपासून त्या सोड्याच्या मशीनपर्यंत असेल."

काका चालत मशीनपर्यंत गेले. तिथे पाठ फिरवून उभे राहिले आणि अर्लकडे बघत राहिले. एक बाई नाणी घेऊन सोडा घ्यायला आली, त्यांच्यासाठी थांबली, मग दुसरीकडे निघून गेली. काका तिथेच उभे होते. हेल्मेट हातात होतं. परत आले तेव्हा त्यांच्या गॉगलच्या काचा आतून धुरकटल्या होत्या आणि ते त्या पुसत नव्हते.

गाडीत बसल्यावर ते आपणहून बोलले. "ती दिवसभर कमरेला काय लावून फिरते, ते मला माहीत नव्हतं रे. तिला विचारणार कसं. मला दुसरं काही येत नाही, वस्तू तपासता येते. म्हटलं, तिचं नाही तर तसलंच एखादं आणून पाहू."

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"निघायचंय अजून," ते म्हणाले. "जरा एसी वाढव."

दुसऱ्या दिवशीच्या रविवारी काकूंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. उकडून लोणी लावलेली मक्याची कणसं होती, वांग्याचं भरीत होतं. केतकी ड्यूटीवरून थेट आली होती, केस ओले, डोळे झोपेनं जड. नेहमीप्रमाणे शांतपणे जेवण सुरू झालं. काका घास तोंडाशी नेता नेता थांबले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "माझं मनगट ढिलं पडतं."

केतकीनं आईकडे बघितलं, हा निरोप कुणासाठी आहे म्हणून. काकू भरीत वाढत होत्या.

"बाबांनी पिस्तूल घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी बोलताहेत."

"यू बॉट अ व्हॉट?"

काकांनी कंपनीचं आणि मॉडेलचं नाव सांगितलं. केतकीनं काटा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली, मग राग आला, आणि त्या दोन्हींना बाजूला सारून व्यावसायिक तुच्छता आली.

"बाबा, दॅट्स अ रिअली चीप वन."

"स्वस्त आहे, पण चांगलं आहे. चार तऱ्हेच्या गोळ्यांवर पाहिलं मी."

"यू शुड हॅव आस्क्ड मी."

"आता विचारतोय," काका म्हणाले.

केतकीनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग ताटातलं एक कणीस उचलून त्यांच्या हातात दिलं.

"दाखव. कसं धरतोस?"

काकांनी कणीस धरलं. ती उठून त्यांच्या मागे गेली. "नाही, अजून वर. दुसरा हात असा. आता कोपर नाही, मनगट लॉक कर. बाबा, लॉक, नॉट स्क्वीझ." तिनं त्यांच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि कणीस सरळ माझ्या छातीवर रोखलं गेलं.

"त्याच्यावर नको," काकू म्हणाल्या. "पाहुणा आहे."

केतकीनं लगेच कणीस भिंतीकडे वळवलं. "सॉरी," ती मला म्हणाली, आणि काकांना, "सी? नेव्हर पॉइंट इट ॲट पीपल." दोघांनाही हसू येत नव्हतं. ते अगदी गंभीरपणे, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून उभे होते आणि काकांच्या बोटांवरून लोणी ओघळत होतं. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि त्या आत निघून गेल्या. पाणी आणायला म्हणाल्या, पण टेबलावर पाणी होतं, आणि त्या बराच वेळ आल्या नाहीत.

नंतरच्या शनिवारपासून माझी ड्रायव्हरची नोकरी गेली. केतकीची सुट्टी असेल तेव्हा ती त्यांना न्यायची. परत आले की दोघांचं भांडण गाडीतून उतरून घरात जाईपर्यंत मला ऐकू यायचं. तिचं म्हणणं, हे विकून चांगलं घे. काकांचं म्हणणं, चांगलं म्हणजे काय, ते आधी ठरव. जवळजवळ वर्षभर न बोललेलं सगळं ते पिस्तुलाच्या स्प्रिंगवरून बोलून घेत होते. एकदा मी कुंपणावरून विचारलं, "काका, रिपोर्ट काय?"

"पिस्तूल पास," ते म्हणाले. "मी नापास. पण पुन्हा बसतोय."

दिवाळीच्या सुमारास मला मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी सामानाचा ट्रक दारात उभा होता. काका सकाळपासून ट्रकभोवती फिरत होते, दोर ओढून बघत होते, आणि सामान भरणाऱ्या माणसांना गादीच्या खाली काय ठेवू नये हे समजावत होते. त्यांचं ऐकायची त्या माणसांची तयारी संपत आली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शेरीफच्या खात्याची पांढरी गाडी वळली. केतकी ड्यूटीवर होती, मला निरोप द्यायला म्हणून मिनिटभर थांबली होती. गल्लीतली दोन-तीन मराठी घरं दारात येऊन बघू लागली. त्यांतल्या एकानं, ज्याची घरपट्टी काकांनी कमी करून दिली होती, काळजीच्या आवाजात विचारलं, "दाणी, काय झालं? पोलीस कशाला आलेत?"

"माझी मुलगी आहे," काका म्हणाले आणि त्या माणसाला तसंच सोडून रस्ता ओलांडून गेले.

मला हात करून झाल्यावर केतकीला निघायचं होतं. रेडिओवर कुणीतरी बोलत होतं. पण काका खिडकीशी थांबलेच नाहीत. ते पुढच्या चाकापाशी गुडघे धरून हळूहळू खाली बसले, खिशातून हवा मोजायचं मीटर काढलं, आणि टायरला लावलं. मीटर डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग उठले आणि दुसऱ्या चाकाकडे गेले.

"बाबा, दे चेक इट ॲट द स्टेशन," केतकी खिडकीतून म्हणाली.

"कोण चेक करतं?" काकांनी विचारलं. गाडीच्या मागून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

तिनं रेडिओचा आवाज कमी केला, इंजिन बंद केलं, आणि कोपर खिडकीत टेकवून ती वाट बघत बसली.